मंगळवारची बॅच

(पत्राचा सारांश : लेखिका साताऱ्याकडच्या, वय ६१, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. आता पुण्यात मुलगा-सुनेकडे राहतात. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, साखर काठावर, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला ‘विन्यास फ्लो’ या वेगवान, न थांबता आसनामागून आसन करायच्या योगप्रकाराचा वर्ग असतो. सुनेच्या आग्रहावरून त्यांनी तिथे नाव घातलं. तिसऱ्या दिवशी मनगटं धरली, पाचव्या दिवशी वाकून वर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शिकवणारी मुलगी जेमतेम तिशीची. वर्ग संपल्यावर तिने बाजूला घेऊन सांगितलं, “काकू, तुम्ही मंगळवार-शुक्रवारच्या संथ बॅचला या.” ते त्यांना फार लागलं. त्यांचे वडील सत्तरी उलटेपर्यंत रोज पहाटे ऐंशी सूर्यनमस्कार घालत. त्यांनी स्वतः शाळेत शेकडो मुलांकडून नमस्कार घालून घेतले. “आणि मी आता म्हाताऱ्यांच्या बॅचला जाऊन खुर्चीत हात हलवू?” असं त्या विचारतात. यजमान म्हणतात, “सोड ते सगळं, चालायला जा.” सून म्हणते, “आई, महिनाभर सोसा, अंगाला सवय होईल.” सोसावं, संथ बॅचला जावं की मोबाइलवर बघून घरीच करावं? आणि संथ केल्याने खरंच काही होतं का?)

बाई,

तुम्ही शिक्षिका होतात, म्हणून काकू-मावशी सगळं सोडून ‘बाई’ म्हणते आहे. साताऱ्याकडे शाळेतल्या बाईंना दुसरं काही म्हणायची रीत नाही. शिवाय पुढे तुमच्यातल्या बाईंकडूनच मला एक काम करून घ्यायचं आहे.

आधी अंधारीचं बोलू. पत्रात तुम्ही ती मनगटाच्या दुखण्याशेजारी बसवून एका वाक्यात उरकली आहे, आणि मंगळवारच्या बॅचचं मात्र पानभर लिहिलं आहे. मनाला लागलेलं मोठं दिसतं, कबूल. पण क्रम उलटा हवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उठताना किंवा वाकून वर येताना दाब पटकन उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरं कारण याहून साधं : घाईत माणूस श्वास रोखून धरतो आणि तसाच उठतो. पहाटे पाण्याचा घोटही न घेता आलेलं असलं तर त्याची भर. तुमच्या बाबतीत यातलं कोणतं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टर सांगू शकतील. त्यांच्याकडे जाऊन एवढंच म्हणा, “वाकून वर येताना अंधारी आली. रक्तदाब एकदा आडवं असताना आणि एकदा उभं राहिल्यावर मोजून बघा.” गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही. हा उलगडा होईपर्यंत डोकं छातीच्या खाली जाईल असं काही करू नका. म्हणजे पादहस्तासन नाही, अधोमुख श्वानासन (हात-पाय टेकून कंबर वर, डोकं खाली) नाही, आणि म्हणून पूर्ण सूर्यनमस्कारही नाही.

तुमच्यासारख्याच उंबरठ्यावर उभ्या असलेल्या इतर वाचकांसाठी इथेच सांगून टाकते. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणारी आसनं टाळावीत, कारण त्यात डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठीची कमान करून पुढे खोल वाकणं नको. हर्निया असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकती झाली असेल, तर आधी शल्यचिकित्सकाला विचारा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी ‘रिकाम्या पोटी योग’ हे वाक्य ऐकून तसंच चटईवर जाऊ नये. पहाटे उपाशी पोटी साखर उतरू शकते, तेव्हा वेळ आणि खाणं डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

आता ‘सोसा’ या सल्ल्याकडे येते. सूनबाईंचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण सोसायचं म्हणजे नेमकं काय? आपल्या भाषेत दुखण्याला केवढे तरी शब्द आहेत, आणि वर्गात मात्र सगळ्याला एकच शब्द असतो : स्ट्रेच. मांडीच्या मागे ‘ओढ’ बसते, ती चालेल. खूप वेळ हात वर धरले की खांद्याला ‘रग’ लागते, तीही चालेल, कामाची आहे. पण ‘चमक’ निघाली तर थांबायचं. सांध्यात ‘कळ’ आली तर थांबायचं. हातापायाला ‘मुंग्या’ आल्या तर थांबायचं. आणि करून झाल्यावर रात्री ‘ठणका’ लागला, तर दुसऱ्या दिवशी ते आसन गाळायचं. तुमची मनगटं काय म्हणत होती? पत्रात तुम्ही ‘धरली’ लिहिलंय. शिवाय ‘चहाचं पातेलं उचलताना कळ येते’ असंही लिहिलंय. मग ती सवयीची वाट बघणारी रग नाही. त्या वेगाच्या वर्गात दर मिनिटाला तळहातांवर शरीराचा भार येतो, तोही मनगट काटकोनात दुमडलेलं असताना. साठ वर्षांत ज्या सांध्यावर कधी असा भार आला नाही, तो पाच दिवसांत तयार होणार नाही. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेवढा त्यांना द्यायलाच हवा.

ती मुलगी तुम्हाला ‘संथ बॅचला या’ म्हणाली. ‘म्हाताऱ्यांच्या बॅचला या’ असं म्हणाली नाही. हे भाषांतर तुम्ही केलंत. का केलंत, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे : वडिलांचे ऐंशी नमस्कार. वडिलांना तुम्ही पहिल्यांदा नमस्कार घालताना पाहिलंत तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात? सहा? सात? तेव्हा ते पस्तिशीच्या आसपास असतील आणि त्यांचा नमस्कार चांगला मुरलेला असेल. त्यांचा पहिला महिना तुम्ही पाहिलेला नाही. आणि मला सांगा, तुम्ही स्वतः शेवटचा सलग नमस्कार कधी घातला होतात? मुलांकडून घालून घेतलेले मोजायचे नाहीत. पुढे उभं राहून ‘एक… दोन… तीन…’ म्हणण्यात चाळीस वर्षं गेली असतील तर शरीर आज नवखंच आहे. नवखं असण्यात कमीपणा कसला? तुमच्या वर्गात पहिलीतलं पोर जूनमध्ये आलं की त्याला तुम्ही जोडाक्षरं गिरवायला देत होतात का? आधी आडव्या रेघा, उभ्या रेघा, अर्धगोल, मग ‘ग’ आणि ‘म’. तुमच्यावर जूनमध्येच ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ गिरवायची वेळ आणली गेली, एवढंच झालंय.

नमस्काराचा अभिमान मी समजू शकते. तुमच्याच जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्काराचं जे वेड लावलं, त्याची सावली त्या भागातल्या कितीतरी घरांवर आहे. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर लिहिलं, १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. पण त्यांच्या नमस्कारात दहा स्थिती होत्या, आज आपण बारा मोजतो. आणि त्याच काळात मुंबईत १९१८ साली योग संस्था काढणारे श्री योगेंद्र नमस्कारांना योगात धरायलाच तयार नव्हते. त्यांच्या लेखी ती सूर्याला घातलेली कसरत होती. कोण बरोबर, या वादात मला पडायचं नाही. सांगायचं एवढंच की, ज्याला आपण ‘खरा योग’ म्हणून छातीशी धरतो तोही शंभर वर्षांत घडत, बदलत आलेला आहे. वडिलांनी तो त्यांच्या शरीराला बेतला. तुम्ही तुमच्या शरीराला बेतलात तर परंपरा मोडत नाही.

आणि ज्या ‘विन्यास फ्लो’त तुम्ही दमलात, त्याची गोष्ट तर याहून गमतीची आहे. १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत टी. कृष्णमाचार्य मुलांना शिकवत. पोरंच ती, उड्या मारणारी, वारं प्यायलेली. त्यांच्यासाठी आसनामागून आसन श्वासात ओवलेलं, चपळ असं त्यांनी बसवलं. त्यातलाच एक शिष्य पट्टाभि जोईस. त्यांच्या ‘अष्टांग विन्यासा’ची पद्धत पुढे परदेशात गेली, आणि तिच्या नातवंडांपैकी एक तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पहाटे सहाला भरते. दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार. ते १९३७ साली पुण्याला आले आणि उलट वाटेने गेले : थांबा, नीट उभे राहा, जमत नसेल तर खुर्ची घ्या, दोरी घ्या, लोड घ्या. आणि खुद्द कृष्णमाचार्य? ते पुढे चेन्नईला गेले आणि उतारवयातले, आजारी असे लोक एकेकटे समोर बसवून त्यांना श्वासाबरोबर हळू हलायला शिकवू लागले. स्वतः १९८९पर्यंत, शंभर वर्षं जगले. माणूस तोच, विद्या तीच. समोरच्याचं वय बदललं तसा त्यांनी वेग बदलला. मंगळवारची बॅच कुठून आली, हे आता मी वेगळं सांगायला नको.

‘विन्यास’ शब्दाचा अर्थही वेग असा नाहीच. न्यास म्हणजे ठेवणं. पूजेत अंगन्यास असतो, गाण्यात न्यासाचा स्वर असतो, जिथे सूर येऊन टेकतो. विन्यास म्हणजे विशेष रीतीने, विचार करून ठेवणं. पाय कुठे ठेवला, हात कुठे ठेवला, तेव्हा श्वास कुठे होता. घाईत काही ‘ठेवता’ येत नाही, फेकता येतं.

संथ केल्याने काही होतं का, याचं उत्तर माझ्या शब्दांवर सोडू नका. आत्ता, पत्र वाचता वाचता करून बघा. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर जरा पुढे सरकून बसा. आता उभ्या राहा, पण उठायला मनात पाच आकडे मोजून. मग बसा, तेही पाच आकड्यांत. शेवटच्या दोन आकड्यांत बुड खुर्चीवर आपटू द्यायचं नाही. पाच वेळा करा. मांड्या बोलायला लागतील. रोज झटक्यात उठतो तेव्हा अर्धं काम झोकाच करतो. वेग काढून घेतला की ते स्नायूंच्या अंगावर येतं. (गुडघ्यात कळ आली तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.)

मात्र संथ हालचालींच्या पदरात नको ते पुण्य घालणार नाही. सांधे मोकळे होतात, तोल सुधारतो, श्वास आणि अंग एकमेकांना ओळखायला लागतात, झोपेला मदत होते असा पुष्कळांचा अनुभव आहे. वजन त्याने फारसं हलत नाही. काठावरच्या साखरेसाठी एकटं तेवढं पुरायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम वाढवणारी हालचाल सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. तेव्हा तुमचे यजमान चुकीचं बोलत नाहीत, फक्त अर्धं बोलतात. त्यांना म्हणा, “चालायला जाते, पण तुम्हीही चला.” संध्याकाळी अर्धा तास झपझप, आठवड्यातून पाच दिवस. आणि सकाळी वीस मिनिटं चटई. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही.

आता शिकायचं कसं. पहिली गोष्ट जी बहुतेक वर्गांत घाईत राहून जाते : श्वास आधी सुरू होतो, हालचाल त्याच्या मागून निघते. हालचाल आधी संपते, श्वास किंचित नंतर. श्वासाच्या पिशवीत हालचाल घालायची आहे, असं समजा. तुमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवतात का? ओवी खुंट्याच्या फेऱ्याला बांधलेली असायची. घरघर जलद झाली म्हणून आजी काही ओवी घाईने म्हणत नसे, जातंच ओवीच्या चालीने फिरायचं. तसंच हे. अंग उघडतं, छाती रुंद होते, हात वर जातात तेव्हा श्वास आत. अंग मिटतं, वाकतं, वळतं तेव्हा श्वास बाहेर. नाकाने. नाकाने श्वास पुरेनासा झाला किंवा एक सबंध वाक्य बोलता येईना, की वेग जास्त झाला. रोखून धरणं अजिबात नाही, तुम्हाला तर नाहीच.

सुरुवात उताण्याने करा. चटईवर सतरंजी किंवा जाड चादर टाका, पाठीवर निजा, गुडघे वर, तळपाय जमिनीवर. एक हात पोटावर. दहा श्वास नुसते मोजा. हे ‘काहीच नाही’ वाटेल. पण आपला श्वास किती लांबीचा आहे, हे इथे कळतं, आणि पुढची प्रत्येक हालचाल त्या लांबीची कापायची आहे. मग श्वास सोडत एक गुडघा पोटाकडे आणा, घेत परत ठेवा. आलटून-पालटून सहा-सहा वेळा.

तिथूनच सेतुबंधासन. इथे जरा रेंगाळा, कारण नवख्या माणसाला लय इथे सगळ्यात लवकर सापडते असा माझा अनुभव आहे. श्वास घेत कंबर उचला आणि त्याच श्वासात दोन्ही हात जमिनीवरून उचलून डोक्यामागे न्या. श्वास सोडत हात परत आणि पाठ खाली. पण पाठ फळीसारखी एकदम टेकवायची नाही. माळेचा एकेक मणी जमिनीवर ठेवावा तशी : आधी खांद्यांमागचा भाग, मग छातीमागचा, मग कंबर, शेवटी माकडहाड. पहिल्या आठवड्यात तीन-चार मण्यांचा गठ्ठा एकदम आपटेल. दर वेळी एखादा मणी सुटा होत जातो. सहा वेळा. कंबर फार उंच न्यायची गरज नाही, वीतभर उचलली तरी चालते. मी स्वतः अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आखडलेल्या खांद्यासाठी हे शिकले. पहिले पंधरा दिवस डावा हात कानापर्यंतही जात नव्हता. हात जाईल तिथपर्यंतच श्वास घेत होते. कधीतरी श्वास लांबला आणि हात त्याच्या मागून गेला. कोणत्या दिवशी, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मग कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठा. उताण्यावरून ताडकन उठून बसायचं नाही, अंधारीवाल्यांनी तर कधीच नाही. आता रांगायच्या स्थितीत मार्जारासन. गुडघ्यांखाली घडी घातलेली वाकळ हवी, नुसत्या पातळ मॅटवर भागत नाही. श्वास घेत पोट जमिनीकडे, छाती पुढे, नजर थोडी समोर. श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर, मान शेवटी. हालचाल माकडहाडापासून सुरू व्हावी आणि लाटेसारखी मानेपर्यंत पोचावी, अशी कल्पना. मानेपासून सुरू करून नुसती मान हलवणारे लोक फार दिसतात. मनगटांना त्रास आहे तोवर तळहात टेकू नका. मुठी टेका, किंवा कोपरांवर या. तेही नको वाटलं तर उभ्याने, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून हेच करा. खरं सांगू, ओट्याइतकं चांगलं योगाचं साधन मी दुकानात पाहिलेलं नाही. हलत नाही, बायकांच्या उंचीला बरोबर असतो आणि हप्ते भरून विकत घ्यावा लागत नाही.

ओट्याशीच पुढचं. हात ओट्यावर टेकून पावलं मागे नेत नेत, पाठ जमिनीला समांतर होईल एवढंच पुढे झुकायचं, डोकं दंडांच्या रेषेत. हा झाला तुमचा अधोमुख श्वानासनाचा मधला मार्ग. डोकं खाली जात नाही आणि मनगटांवर भार नाही. श्वास घेत गुडघे किंचित वाकवून, पावलं ओट्याकडे टाकत, सावकाश सरळ. मग ओट्याला पाठ करून ताडासन, श्वासाबरोबर हात वर, टाचा नखभर वर, श्वास सोडत खाली. मग एक पाय मागे टाकून श्वास घेत पुढचा गुडघा वाकवायचा, सोडत सरळ करायचा. गुडघा पायाच्या बोटांपुढे किंवा आतल्या बाजूला जाऊ द्यायचा नाही. कुरकुरणारा उजवा गुडघा पुढे असेल तेव्हा निम्मंच वाका. प्रत्येक प्रकार पाच-सहा वेळा पुरे. श्वास लांब असेल तर तेवढ्याला मिनिटभर लागतो.

शेवटी शवासन, पाच मिनिटं, गुडघ्यांखाली लोड. हे गाळायचं नाही. दूध उतू जाईल, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात, ही कारणं मला माहीत आहेत. शवासन झाल्यावर गॅस पेटवा.

यात सूर्यनमस्कार कुठे, असं विचाराल. ओट्याशी केलेलं हे सगळं सलग जोडलंत की नमस्काराची निम्मी वाट झालीच. दीड-दोन महिने हे जमलं, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, मनगटं गप्प झाली, की शिकवणाऱ्या मुलीसमोर एक नमस्कार घाला. फक्त एक. प्रत्येक स्थितीला एक पूर्ण श्वास दिलात तर त्याला मिनिटभर लागेल. ऐंशीचा हिशेब तेव्हाही करू नका.

‘स्थिरसुखमासनम्’ हे योगसूत्र प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असतं. त्याच्या लगेच पुढचं सूत्र मात्र मला अजून कुठल्या भिंतीवर दिसलेलं नाही. ते ‘प्रयत्नशैथिल्य’ सांगतं. प्रयत्न सैल सोडल्याने आसन साधतं, असं. नमस्कार मोजणाऱ्या घरांतून आलेल्या आपल्याला हे पचायला जड जातं. मलाही गेलं.

आता ते काम, जे तुमच्यातल्या बाईंकडून करून घ्यायचं होतं. मोबाइलवर बघून करावं का, असं तुम्ही विचारता. बघून करू नका. बघा आधी, खुर्चीत बसून, हातात वही घेऊन. पण चटईवर असताना पडद्याकडे मान वळवत मार्जारासन करण्यात अर्थ नाही, आणि पडद्यावरच्या मुलीचा श्वास तिच्या लांबीचा असतो, तुमच्या नाही. त्याऐवजी वर सांगितलेला क्रम स्वतःच्या अक्षरात लिहून काढा आणि स्वतःच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. “श्वास घ्या… हात वर… सोडा… हात खाली…” चाळीस वर्षं वर्गाला कवायतीचे हुकूम दिलेला आवाज आहे तो. मुद्रित करताना स्वतः खरोखर श्वास घेत बोला, म्हणजे मधल्या जागा आपोआप तुमच्या लांबीच्या पडतील. पहिल्या आठवड्याचं मुद्रण तिसऱ्या आठवड्यात घाईचं वाटू लागेल. तेव्हा नवं करा. शिकवायची सवय असलेल्या माणसाला शिकणं अवघड जातं, असा अनुभव आहे. निदान असं तरी दोन्ही एका जागी येईल.

पण नुसत्या घरच्यावर थांबू नका, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. मंगळवार-शुक्रवार जा. शिक्षिका कशी आहे, हे ओळखायला तीन गोष्टी पुरतात. आल्या आल्या ती आजार-गोळ्यांचं विचारते का? जमत नसेल तर दुसरा पर्याय देते का? आणि पाठीवर हात ठेवून दाबत तर नाही ना? दाबणाऱ्यापासून लांब राहा, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिलेली असली तर चांगलंच, पण तुमच्या मनगटाकडे तिचं लक्ष आहे की नाही, ते परीक्षेत कळत नाही. तुमच्या या मुलीने पाचव्या दिवशी तुमची अंधारी पाहिली, वर्ग संपेपर्यंत थांबली, बाजूला घेऊन बोलली. चारचौघांत बोलली नाही. तुम्ही नाराज आहात, पण मला तिचं हे वागणं आवडलं. पहिल्याच दिवशी गोळ्यांचं विचारलं असतं तर आणखी आवडलं असतं.

राहता राहिली सून. पत्रात एक ओळ तुम्ही खोडून परत लिहिली आहे : ‘तिच्याबरोबर जायला बरं वाटत होतं.’ मला वाटतं, विन्यास फ्लो सोडताना तुम्हाला टोचतंय ते यातलं बरंच काही आहे. पहाटे साडेपाचला दोघींनी चपला घालून खाली जाणं, येताना जिन्यात गप्पा. मग ते वेगळं वाचवा. तिला सांगा की मला तो वेग नको, पण तुझी सोबत हवी आहे. रविवारी घरी तुमचं ते ध्वनिमुद्रण लावून दोघींनी वीस मिनिटं करा. तरुण, सवयीच्या माणसालाही इतकं संथ करताना काय काय कापतं ते तिला कळेल. संध्याकाळच्या चालण्याला तिला ओढून न्या. यजमान आले तर तिघं.

डॉक्टरांची भेट या आठवड्यात उरकून घ्या, तोवर फक्त उताण्याचं, ओट्याचं आणि ताडासनाचं करा. पुढच्या मंगळवारी जाल तेव्हा त्या मुलीला गोळीचं नाव कागदावर लिहून द्या, आणि घरची वाकळ बरोबर न्या. हॉलमधल्या मॅट गुडघ्याला पातळ पडतील.